गळका कार्बोरेटर : कारणे, धोके आणि उपाय

बालाघाटच्या डोंगररांगा, तेरणा आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन आणि पावसाळ्यात चिखलाने भरून जाणारे पाणंद रस्ते यांमुळे धाराशिव जिल्ह्यात खडबडीत वाटेवर चालणाऱ्या वाहनाला नेहमीच महत्त्व राहिले आहे. आज या वाटांवर प्रामुख्याने डिझेलवरील जीप, ट्रॅक्टर आणि इंधन-इंजेक्शन असलेल्या मोटारसायकली धावत असल्या, तरी जुन्या पेट्रोल जीप, पहिल्या पिढीतील जिप्सी आणि असंख्य जुन्या मोटारसायकली अजूनही वापरात आहेत. या सर्व वाहनांत कार्बोरेटर हा एक समान घटक आहे. कार्बोरेटरमधील फ्लोट अडकणे आणि त्यातून पेट्रोल गळणे ही तक्रारही तितकीच समान आहे. ही तक्रार वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ती इंजिन निकामी करू शकते आणि घराला आगही लावू शकते. म्हणूनच तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

जीपचा जिल्ह्यातील प्रवास

तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, तेव्हा भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरली आणि बोरी नदीवरील पूल ताब्यात घेऊन उमरग्याच्या दिशेने पुढे सरकली. दुसऱ्या महायुद्धात जगभर पोहोचलेली जीप स्वातंत्र्यानंतर नागरी जीवनातही आली. महिंद्र कंपनीने १९४९ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्रात पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकाऱ्यांची जीप हे ग्रामीण भागातील ओळखीचे दृश्य बनले ते याच काळात. १९८५ च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीतही प्रारंभी कार्बोरेटरच होता. २००० च्या सुमारास तिला इंधन-इंजेक्शन मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तुळजापूर किंवा येरमाळ्याच्या यात्रेला भाविकांची ने-आण करणाऱ्या बहुतेक काळ्या-पिवळ्या जीप डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. त्यामुळे पुढील विवेचन पेट्रोल वाहनांपुरते आहे. शेतीतील फ्लोट असलेल्या लहान पेट्रोल इंजिनांना, म्हणजे फवारणी पंप आणि पॉवर वीडर यांनाही ते लागू पडते. खांद्यावर अडकवायच्या गवत कापणी यंत्रांत मात्र बहुधा पडद्यावर चालणारा कार्बोरेटर असतो. त्यात फ्लोटच नसतो आणि म्हणून त्याची दुरुस्तीही वेगळी असते.

फ्लोटचे काम काय?

पेट्रोल जळण्यासाठी ते हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर खेचले जाऊन त्याचा फवारा होतो. हा फवारा नेहमी योग्य प्रमाणात राहावा यासाठी जेटच्या मागे असलेल्या पेट्रोलची पातळी स्थिर असावी लागते. ही पातळी राखण्याची जबाबदारी फ्लोटची असते. हंगेरीतील डोनाट बांकी आणि यानोश चोंका, तसेच जर्मनीतील विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास विकसित केलेल्या फवारा-कार्बोरेटरचे हे तत्त्व पुढे शंभर वर्षे जवळजवळ तसेच राहिले.

रचना साधी आहे. कार्बोरेटरच्या वाटीत पितळेचा किंवा प्लास्टिकचा पोकळ फ्लोट तरंगत असतो. तो एका बारीक पिनेवर बिजागरीसारखा हलतो. वाटीत पेट्रोल भरू लागले की फ्लोट वर येतो, त्याची छोटी जीभ एका सुईला वर ढकलते आणि ती सुई आपल्या बैठकीत बसून पेट्रोलची वाट बंद करते. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो आणि वाट पुन्हा उघडते. पाण्याच्या टाकीवरील तरंगता गोळा आणि नळ यांचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच लक्षात येईल.

या यंत्रणेतील बले मात्र अतिशय सूक्ष्म आहेत. उदाहरणादाखल, सुईच्या बैठकीचे छिद्र २ मिलिमीटर व्यासाचे आणि टाकीतील पेट्रोल वाटीपेक्षा ३० सेंटिमीटर उंचीवर आहे असे मानले, तर सुईवर येणारा जोर एक ग्रॅम वजनापेक्षाही कमी, सुमारे ०.७ ग्रॅम इतका असतो. जीपसारख्या वाहनात पंपाने ४ पौंडाचा दाब दिला, तर तोच जोर ९ ग्रॅमच्या आसपास जातो. हा जोर थोपवण्यासाठी फ्लोटकडे स्वतःच्या उचल-बलाखेरीज आणि तरफेखेरीज काहीही नसते. त्यामुळे सुई आणि बैठक यांच्यामध्ये वाळूचा एक कण अडकला, पिनेवर थोडासा चिकटपणा आला किंवा फ्लोटमध्ये दोन-चार थेंब पेट्रोल शिरले, तरी तोल बिघडतो आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊ लागतो. जुन्या जीपचा पंप बिघडला म्हणून इंजेक्शन वाहनाचा विजेवरील पंप बसवण्याचा प्रयोग का फसतो, हेही यावरून कळते. असा पंप ३ बारच्या आसपास दाब देतो आणि त्या दाबाखाली सुईवर जवळजवळ ९६ ग्रॅमचा जोर येतो. कोणताही फ्लोट तो पेलू शकत नाही.

फ्लोट का अडकतो?

पहिले कारण म्हणजे वाहन दीर्घकाळ उभे राहणे. लग्नसराई, यात्रा किंवा शेतीचा हंगाम संपला की जुनी जीप महिनोन्महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाटीतील पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. तो पिनेवर आणि सुईवर बसतो. मग फ्लोट खाली अडकला तर पेट्रोल वाहू लागते आणि वर अडकला तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही.

दुसरे कारण धूळ आणि गंज. जुन्या टाकीच्या तळाशी साचलेला गंज खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांनी ढवळला जातो. फिल्टर नसेल किंवा फाटलेला असेल, तर तो थेट सुईपर्यंत पोहोचतो. तिसरे कारण झीज. सततच्या हादऱ्यांमुळे सुईच्या टोकावर बैठकीची गोल खूण उमटते, पिनेचे भोक मोठे होते आणि फ्लोट तिरपा होऊन वाटीच्या भिंतीला घासू लागतो.

चौथे कारण इंधनात झालेल्या बदलाशी संबंधित आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरू झाला. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण सर्वत्र रूढ झाले. धाराशिव हा ऊस पिकवणारा आणि साखर कारखाने असलेला जिल्हा असल्याने या धोरणाचा येथील शेतकऱ्यांशी जवळचा संबंध आहे. मात्र इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या टाकीतील चिकट थर सैल करते. हा सुटलेला मळ कार्बोरेटरमध्ये येतो. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात आणि वाटीच्या मिश्रधातूवर पांढरट भुकटी तयार होते. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगा फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मधील आपल्या स्पष्टीकरणात नमूद केले होते. त्यामुळे जुन्या वाहनासाठी सुटे भाग घेताना ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे आहेत याची खात्री करणे हिताचे आहे.

चढ-उतार आणि पेट्रोलची पातळी

खडबडीत वाटेवरील वाहनाची एक वेगळी अडचण असते. वाहन कोणत्याही बाजूला कलले तरी वाटीतील पेट्रोलचा पृष्ठभाग आडवाच राहतो. वाटी ५ सेंटिमीटर रुंद असेल आणि वाहन २० अंशांनी कलले, तर वाटीच्या दोन कडांना पेट्रोलच्या उंचीत सुमारे १.८ सेंटिमीटरचा फरक पडतो. एका बाजूला कलल्यावर पेट्रोल नळीतून वर येऊन सांडते, तर दुसऱ्या बाजूला जेट कोरडे पडते. घाटात किंवा बांध ओलांडताना इंजिन अचानक गुदमरते, ते पुष्कळदा यामुळेच.

या मर्यादेची किंमत विमानांनीही मोजली आहे. १९४० मधील ब्रिटनच्या हवाई लढाईत स्पिटफायर विमानाने एकदम खाली सूर मारला की फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे. इंजेक्शन असलेल्या जर्मन विमानांना ही अडचण नव्हती. बिअट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक छोटी छिद्र असलेली चकती तयार केली आणि १९४१ मध्ये ती विमानांत बसवण्यात येऊन अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. सांगायचा मुद्दा असा की, केवळ तीव्र उतारावर होणारी गळती हा प्रत्येक वेळी दोष नसतो. सपाट जागेवर उभ्या असलेल्या वाहनातून पेट्रोल गळत असेल, तर मात्र तो निश्चितच दोष आहे.

धोका नेमका कोणता?

सर्वांत मोठा धोका आगीचा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या जवळ गेले तरी ठिणगी पुरेशी ठरते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि बंद जागेत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. ग्रामीण भागात मोटारसायकल रात्री ओसरीत किंवा पडवीत उभी केली जाते. शेजारीच चूल, गॅसची शेगडी किंवा देवघरातील समई असते. दर सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि थेंब ०.०२५ मिलिलिटरचा धरला, तर तासाला ९० मिलिलिटर आणि रात्रीच्या १० तासांत जवळजवळ एक लिटर पेट्रोल जमिनीवर येते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक मोटारसायकलींत जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर पडते आणि लगेच लक्षात येते. जीपच्या कार्बोरेटरची तोंडे मात्र खाली इंजिनाकडे असतात. तेथे जादा पेट्रोल आत, सिलिंडरमध्ये उतरते. तेथून ते पिस्टनच्या रिंगांवरून ओघळत ऑइलमध्ये मिसळते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही आणि इंजिन झिजते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू करू नये. आधी गळती थांबवावी, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा. जीपच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्यासही हीच लक्षणे दिसतात, म्हणून पंपही तपासावा. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेले असेल, तर ते दाबले जात नाही. अशा वेळी किक किंवा स्टार्टर जोराने मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गळतीचा उगम कसा शोधावा?

पेट्रोलचा वास आला म्हणून फ्लोटलाच दोष देणे योग्य नाही. कार्बोरेटर बाहेरून स्वच्छ पुसून कोरडा करावा आणि ओल प्रथम कोठे दिसते ते पाहावे. नळीच्या जोडावर ओल असेल तर क्लिप किंवा नळी बदलावी. वाटीच्या कडेने ओल असेल तर गॅसकेट, तळाच्या स्क्रूपाशी असेल तर त्याची ओ-रिंग आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून किंवा कार्बोरेटरच्या गळ्यातून पेट्रोल येत असेल तर फ्लोट आणि सुई तपासावी.

गळती केव्हा होते हाही महत्त्वाचा पुरावा आहे. मोटारसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, त्यामुळे पेट्रोल कॉक उघडा असेतो गळती चालू राहते. जुन्या जीपमध्ये टाकी आसनाखाली असते आणि पेट्रोल पंपाने वर येते. सपाट जागेवर इंजिन बंद केल्यावर काही वेळाने गळती थांबते, पण उतारावर तोंड खाली करून उभ्या केलेल्या जीपमध्ये ती चालू राहू शकते. तापलेले इंजिन बंद केल्यानंतर केवळ दहा-पंधरा मिनिटे वास येत असेल, तर वाटीतील पेट्रोल उष्णतेने उकळत असण्याचा संभव अधिक. पेट्रोलचे हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. तेव्हा कार्बोरेटरखालील उष्णतारोधक पॅकिंग जागेवर आहे की नाही हे प्रथम पाहावे.

दुरुस्तीची पद्धत

काम उघड्या, सावलीच्या जागी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावे. पेट्रोल कॉक बंद करावा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, विडी-सिगारेट आणि ज्योत दूर ठेवावी. कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली जवळ असावी. पेट्रोल पाण्यावर तरंगत असल्याने आगीवर पाणी ओतल्यास ती पसरते.

वाटेत गळती सुरू झाली तर वाटीच्या बाजूवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहावे. अडकलेली सुई किंवा कचरा त्यामुळे पुष्कळदा सुटतो. हा उपाय मात्र गावापर्यंत पोहोचण्यापुरताच आहे. पुढची पायरी म्हणजे तळाचा स्क्रू सैल करून वाटीतील पेट्रोल काचेच्या बरणीत काढणे. तळाशी पाण्याचे थेंब किंवा तांबूस गाळ दिसला, तर मूळ दोष टाकीत आहे. टाकी धुतल्याखेरीज आणि नवा फिल्टर बसवल्याखेरीज कार्बोरेटरची सफाई फार दिवस टिकणार नाही.

वाटी उघडल्यावर फ्लोटची पिन हलक्या हाताने काढावी. ती ज्या खांबांवर बसते ते ठिसूळ असतात आणि ठोकाठोक केल्यास तुटतात. सुईचे टोक भिंगाखाली पाहावे. त्यावर गोल खाच दिसली तर सुई बदलावी आणि बैठक सुटी निघणारी असेल तर तीही सोबत बदलावी. जुन्या बैठकीत नवी सुई अनेकदा नीट बसत नाही. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटलेला आहे. शंका असल्यास पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवावा, सूक्ष्म छिद्र असेल तर बुडबुडे येतात. आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला डाग देण्याचा प्रयत्न घरी कदापि करू नये, त्याचा स्फोट होऊ शकतो. शिवाय डागाने फ्लोटचे वजन वाढून पातळी बदलते. मिळत असेल तर नवा फ्लोटच बसवणे श्रेयस्कर.

सफाईसाठी कार्बोरेटर क्लीनर वापरावा, पण त्यापूर्वी सर्व रबरी भाग काढून ठेवावेत. जेटमध्ये पोलादी तार घालू नये, छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. सर्व वाटांमधून हवा मारावी आणि वाटीला बाहेरची हवा देणारी वाट मोकळी असल्याची खात्री करावी. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा.

शेवटी पातळी. कार्बोरेटर तिरपा धरून फ्लोटची जीभ सुईला नुसती टेकेल, पण सुईतील बारीक स्प्रिंग दबणार नाही, अशा स्थितीत गॅसकेटच्या पृष्ठभागापासून फ्लोटची उंची मोजावी. योग्य आकडा प्रत्येक कार्बोरेटरचा वेगळा असतो आणि तो त्या वाहनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. जीभ धातूची असेल तर ती अगदी थोडी वाकवून उंची जुळवता येते. संपूर्ण प्लास्टिकच्या फ्लोटमध्ये सहसा ही सोय नसते. जोडणी झाल्यावर पेट्रोल कॉक उघडून, इंजिन सुरू न करता, दहा मिनिटे वाट पाहावी. वाटीखाली ठेवलेला कोरडा कागद कोरडाच राहिला, तरच बॅटरीची तार जोडावी.

पुढची काळजी

वाहन महिनाभराहून अधिक काळ उभे राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. मोटारसायकल रोज उभी करतानाही कॉक बंद करण्याची सवय असावी. फिल्टर ठरावीक काळाने बदलावा, रबरी नळ्या वर्षातून एकदा बोटांनी दाबून पाहाव्यात आणि कडक झालेल्या लगेच काढून टाकाव्यात. सुई, गॅसकेट आणि ओ-रिंग यांचा दुरुस्ती संच पूर्ण इंजिनाच्या कामाच्या तुलनेत अगदी थोडक्या खर्चात मिळतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या पेट्रोल वाहनांतून पारंपरिक कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याबरोबर फ्लोटची पातळी मोजून देणारे मिस्त्रीही कमी होत चालले आहेत. जुनी वाहने मात्र अजून काही वर्षे जिल्ह्यातील पाणंद रस्त्यांवर धावत राहणार आहेत. त्यांच्या धारकांनी ही यंत्रणा स्वतः समजून घेतली, तर दुरुस्ती स्वतः केली नाही तरी गॅरेजमध्ये नेमके काय तपासायला सांगायचे हे त्यांना कळेल. तोपर्यंत पेट्रोलचा वास येणारे वाहन घराच्या आत उभे करू नये.